भरती चुकवलेला नेता सैनिकांना शौर्य शिकवतो तेव्हा: भाषण ऐकायचं कसं, तपासायचं कसं

ऑगस्ट २०१६, व्हर्जिनियातलं अॅशबर्न, प्रचारसभा. एका निवृत्त सैनिकाने आपलं पर्पल हार्ट ट्रम्प यांच्या हातात दिलं. हे पदक शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला मिळतं, किंवा तो गेला तर त्याच्या घरच्यांना. ट्रम्प स्टेजवरून म्हणाले की मला हे कायमच हवं होतं, पण असं मिळवणं फारच सोपं निघालं. व्हिएतनामच्या काळात पाच वेळा डेफरमेंट, म्हणजे भरतीतून सूट, घेतलेला हा माणूस.

अशी क्लिप आली की लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. झेंडा दिसला की टाळ्या, नाहीतर मग "तू गेलास का लढायला? नाही ना? मग गप्प बस". माझ्या मते दोन्ही आळशी प्रकार आहेत, आणि दुसरा जास्त फसवा कारण तो ऐकायला फार बरोबर वाटतो. स्वतः न लढता युद्धाची भाषा करणाऱ्या अशा नेत्यांना अमेरिकेत चिकनहॉक म्हणतात, शब्द एकदा चिकटवला की तपासायचं काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. म्हणून खाली जरा रीतसर पद्धत लिहितोय. उदाहरणं सगळी अमेरिकेतलीच आहेत कारण तिथे हा प्रकार दीडशे वर्षांपासून चालू आहे आणि मुख्य म्हणजे तिथे कागद सापडतात.

आधी "गेला नाही म्हणून बोलू नये" हे डोक्यातून काढा

तिथल्या संविधानानुसार सैन्याचा सर्वोच्च प्रमुख निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष असतो, आणि तो सैनिक असलाच पाहिजे अशी अट नाही, हे मुद्दामच केलेलं आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कधी गणवेश घातला नाही आणि दुसरं महायुद्ध त्यांच्याच काळात लढलं गेलं. युद्धावर फक्त लढलेल्यांनीच बोलायचं असा नियम केला तर तो लष्करी राजवटीचा नियम होईल, लोकशाहीचा नाही. शिवाय बायकांना तिथे कधी सक्तीची भरती नव्हतीच, मग त्यांनी काय कायम तोंड बंद ठेवायचं?

तेव्हा प्रश्न "गेला का" हा नाही. तो कसा गेला नाही, त्याबद्दल आज काय सांगतो, आणि बोट कुणाकडे दाखवतोय, हे तीन बघायचे.

जन्मसाल आणि कोड

पहिलं काम सोपं, नेत्याचं जन्मसाल बघा. अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ मधे बंद झाली आणि तेव्हापासून सैन्य पूर्ण स्वेच्छेचं आहे. त्यामुळे व्हिएतनामचा प्रश्न साधारण १९४० च्या आसपासपासून पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जन्मलेल्या पुरुषांनाच लागू होतो. त्यानंतरच्यांनी काही चुकवलेलंच नाही, चुकवायला काही नव्हतंच. हे विसरून लोक १९७० मधे जन्मलेल्या नेत्याला भगोडा म्हणतात आणि स्वतःचंच हसं करून घेतात.

मग कोड. सिलेक्टिव्ह सर्व्हिस नावाची यंत्रणा प्रत्येक तरुणाला एक वर्ग द्यायची. १-ए म्हणजे पाठवायला तयार. २-एस म्हणजे कॉलेजात शिकतोय, सध्या नको. ३-ए म्हणजे मूल आहे किंवा घरचे अवलंबून आहेत. १-वाय म्हणजे तब्येतीमुळे फक्त राष्ट्रीय आणीबाणीतच बोलावू, आणि ४-एफ म्हणजे अपात्र. १-ओ हा सद्सद्विवेकाने युद्ध नाकारणाऱ्याचा वर्ग. हे एवढे पाठ असले तरी निम्म्याहून जास्त बातम्या नीट कळतात.

लॉटरी हा वेगळा विषय. कुणाला आधी बोलवायचं हे ठरवायला १ डिसेंबर १९६९ ला व्हिएतनामच्या काळातली पहिली लॉटरी निघाली, ३६६ निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत एक तारीख, पहिली निघाली १४ सप्टेंबर. म्हणजे ज्यांचा वाढदिवस १४ सप्टेंबरचा त्यांचा नंबर सगळ्यात आधी. ही लॉटरी १९४४ ते १९५० मधे जन्मलेल्यांसाठी होती. तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कागद कुठे असतो

भरती यंत्रणेच्या जुन्या नोंदी, म्हणजे नोंदणीचं कार्ड आणि कुठल्या तारखेला कुठला वर्ग मिळाला त्याची वही, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सेंट लुईसला आहेत, मागितल्यावर प्रत मिळते. प्रत्यक्ष सेवा केलेल्यांचे रेकॉर्डही त्याच शहरात. दुसऱ्याच्या सेवेची मोघम माहिती, जसं कधी ते कधी, कुठला हुद्दा, कुठली पदकं, ही माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली मागता येते, बाकीची खाजगी राहते. एक अडचण आहे, १२ जुलै १९७३ ला तिथे मोठी आग लागली आणि १९१२ ते १९६० मधे आर्मी सोडलेल्यांच्या बहुतांश फायली जळाल्या. त्यामुळे एखाद्या म्हाताऱ्या सैनिकाची फाइल सापडली नाही म्हणून तो खोटारडा, असं लगेच म्हणू नका.

आणि वर्गाच्या वहीत कोड आणि तारीख असते, आजार काय होता ते नसतं. वैद्यकीय कागद बहुतेक राहिलेच नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे कारण लोक नेमके इथेच घसरतात. ट्रम्प यांना १९६८ मधे टाचेच्या वाढलेल्या हाडामुळे सूट मिळाली. २०१८ मधे त्या डॉक्टरच्या मुलींनी वर्तमानपत्राला सांगितलं की वडिलांनी हे ट्रम्पच्या वडिलांवर उपकार म्हणून केलं होतं असं घरात बोललं जायचं, पण त्याचा कागद नाही. म्हणून लिहिताना "मुली असं म्हणाल्या" एवढंच लिहा, "खोटं सर्टिफिकेट घेतलं" असं ठोकून देऊ नका.

याचं उलटं उदाहरण पण बघा. २००४ च्या निवडणुकीत जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या (राज्यांचं राखीव दल, तिथे जागा मिळाली की व्हिएतनामला जायची वेळ सहसा येत नसे) सेवेवर प्रश्न होते, आणि १९७२ मधल्या अलाबामातल्या काही महिन्यांत ते ड्यूटीवर हजर होते का, हे प्रश्न खरोखरच विचारण्यासारखे होते. पण एका मोठ्या चॅनेलने खात्री न करता काही मेमो दाखवले, त्यांचा खरेपणा सिद्ध करता आला नाही, चॅनेलला माफी मागावी लागली, आणि झालं काय तर खरे प्रश्नही त्या गोंधळात वाहून गेले. एक कच्चा कागद शंभर पक्क्या कागदांची वाट लावतो. फॉरवर्ड करण्याआधी दहा मिनिटं थांबलात तरी पुष्कळ आहे.

तारखा शेजारी शेजारी ठेवा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. भाषणं, मुलाखती, आठवणी सगळं बाजूला ठेवायचं आणि नुसत्या तारखा एकाखाली एक लिहायच्या.

ट्रम्प: कॉलेजात असताना चार वेळा २-एस. १९६८ मधे पदवी झाली, म्हणजे ती ढाल गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे १-वाय. १९७२ मधे ४-एफ. आता २०११ मधे ते एका मुलाखतीत म्हणाले की लॉटरीत फार वरचा नंबर लागला म्हणून आपण नशीबवान ठरलो. नंबर खरंच वरचा होता, ३५६, म्हणजे बोलावणं अगदी शेवटी. पण लॉटरी डिसेंबर १९६९ ची आणि तब्येतीची सूट त्याच्या वर्षभर आधीची, म्हणजे वाचवलं कुणी, लॉटरीने की टाचेने? कुणावर काही आरोप न करता नुसत्या दोन तारखा बोलतात.

डिक चेनी: चार वेळा विद्यार्थी म्हणून सूट. ऑक्टोबर १९६५ मधे नियम बदलला, लग्न झालेल्या पण मूल नसलेल्यांनाही बोलवायचं ठरलं. जानेवारी १९६६ मधे चेनींनी बायको गरोदर असल्याचं सांगून ३-ए मागितलं. मुलगी जुलै १९६६ च्या शेवटी झाली. हिशेब ज्याचा त्याने करावा. पुढे हेच गृहस्थ १९८९ मधे संरक्षणमंत्री झाले आणि त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले की साठच्या दशकात सैन्यापेक्षा मला दुसरी कामं महत्त्वाची होती. ज्याच्या हुकुमावर लाखो पोरं वाळवंटात गेली त्या माणसाचं हे उत्तर. त्या पोरांना पण दुसरी कामं असतीलच की.

हीच फूटपट्टी आपल्या आवडत्या पक्षाला लावा, नाहीतर हा सगळा उद्योग फुकट. ट्रम्प, चेनी रिपब्लिकन, आता डेमोक्रॅट बघा. बायडन यांचे पण पाच स्टुडंट डेफरमेंट होते आणि १९६८ मधे दम्यामुळे १-वाय, म्हणजे आकडे जवळपास तेच. क्लिंटन यांनी डिसेंबर १९६९ मधे अर्कान्सातल्या एका कर्नलला पत्र लिहून आपल्याला ड्राफ्टमधून, म्हणजे सक्तीच्या भरतीतून, वाचवल्याबद्दल आभार मानले होते, ते पत्र १९९२ च्या प्रचारात बाहेर आलं. आणि कनेक्टिकटचे ब्लूमेंथल, हे मरीन रिझर्व्हमधे, म्हणजे मरीन दलाच्या राखीव तुकडीत, होते पण अमेरिकेतच, तरी बोलताना "व्हिएतनाममधे सेवा केली" असं तोंडातून जायचं, २०१० मधे ते उघड झालं. सेवा खरी, पण जागा खोटी.

सूट कायदेशीर होती, मग बिघडलं काय?

इथे जरा थांबून बोलावं लागेल कारण सगळा वाद इथेच अडतो. डेफरमेंट घेणं गुन्हा नव्हता, लाखो मुलांनी घेतलं. युद्ध नको म्हणणारा कुणीही शहाणा मुलगा ते घेईल, मी असतो तर मीही घेतलं असतं बहुतेक.

पण यंत्रणा कोट्यावर चालायची. वरून आकडा यायचा की या महिन्यात एवढी माणसं हवीत, तो राज्यांना वाटला जायचा, तिथून गावोगावच्या ड्राफ्ट बोर्डाला. आकडा भरायचाच. म्हणजे एकाला सूट मिळाली की त्याची जागा मोकळी राहायची नाही, यादीतला पुढचा जायचा. आणि पुढचा कोण? ज्याला कॉलेज परवडत नाही, ज्याच्या ओळखीचा डॉक्टर नाही, गार्डमधे जागा मिळवून देणारा काका-मामा नाही. त्यात १९६६ पासून संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी बुद्धिमत्ता चाचणीचे निकष खाली आणून एरवी नापास ठरली असती अशी तीन लाखांवर मुलं भरती करून घेतली, प्रोजेक्ट १००,००० म्हणतात त्याला. व्हिएतनाममधे ५८ हजारांवर अमेरिकन मेले. त्यात आपल्या जागी कोण गेला हे सूट घेणाऱ्याला कधीच कळत नाही, ही या पद्धतीची सोय.

यादवी युद्धात निदान एवढी लपवाछपवी नव्हती. १८६३ च्या कायद्यात सरळ लिहिलं होतं, ३०० डॉलर भरा नाहीतर बदली माणूस द्या. ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी १५० डॉलर देऊन एकाला आपल्या जागी पाठवलं, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष होऊन माजी सैनिकांच्या पेन्शनची शेकडो बिलं व्हीटो केली. बिलांमधे खोटे दावे पुष्कळ होते हे खरं, पण माजी सैनिकांचं डोकं फिरलं तर नवल नाही.

म्हणून माझं मत असं की न जाणं हे कर्ज आहे, पाप नाही. ज्याने ते घेतलं त्याने निदान सावकाराला प्रामाणिकपणावर प्रवचन देऊ नये.

उघड नकार देणारा आणि वाट काढणारा यात फरक करा. मुहम्मद अली २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमधे नाव पुकारलं तेव्हा पुढे आले नाहीत. किताब गेला, शिक्षा झाली, उमेदीची वर्षं रिंगबाहेर गेली, १९७१ मधे सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. तुम्हाला त्यांचं पटो न पटो, किंमत स्वतःच्या खिशातून दिली. अशा माणसाला आणि पाच अर्ज करून निसटलेल्याला एकाच यादीत टाकणारी पोस्ट दिसली तर तिथेच वाचणं बंद करा.

बोट कुणाकडे आहे

आता भाषण ऐका. नेता शत्रूबद्दल बोलतोय, स्वतःच्या धोरणाबद्दल बोलतोय, की लढून आलेल्या माणसाचं शौर्य मोजतोय? पहिली दोन कामं त्याच्या पदाचीच आहेत. तिसरं आलं की कान टवकारा.

जुलै २०१५, आयोवातलं एम्स. ट्रम्प सिनेटर जॉन मॅककेनबद्दल म्हणाले की हा काही युद्धवीर नाही, पकडला गेला म्हणून वीर, मला न पकडले गेलेले आवडतात. मॅककेन यांचं विमान ऑक्टोबर १९६७ मधे हॅनोईवर पाडलं गेलं, साडेपाच वर्षं कैदेत, मार्च १९७३ मधे सुटले. वडील अॅडमिरल म्हणून लवकर सोडायची ऑफर होती, आधी पकडलेले आधी सुटतील म्हणून ती नाकारली. वरची तारखांची यादी काढा आणि शेजारी ठेवा: ऑक्टोबर १९६८ मधे एक जण १-वाय घेतोय, तेव्हा दुसऱ्याला कैदेत वर्ष झालेलं आहे.

२००२ ची जॉर्जिया राज्यातली सिनेटची निवडणूक तर अजून वाईट. मॅक्स क्लीलंड, १९६८ मधे व्हिएतनाममधल्या खे सानजवळ ग्रेनेडमधे दोन्ही पाय आणि उजवा हात गमावलेला माणूस, सिनेटर. समोर सॅक्सबी चॅम्ब्लिस, विद्यार्थी म्हणून सूट आणि मग गुडघ्याच्या दुखण्यामुळे. चॅम्ब्लिसच्या जाहिरातीत आधी लादेन आणि सद्दामचे फोटो आणि मग क्लीलंड, मुद्दा असा की याच्यात देशाच्या सुरक्षेसाठी उभं राहायची धमक नाही. जाहिरात क्लीलंड यांनी सिनेटमधे दिलेल्या मतांबद्दल होती, पायांबद्दल नव्हती, असा बचाव झाला, आणि कागदोपत्री तो बरोबर पण आहे. पण मॅककेन चॅम्ब्लिसच्याच पक्षाचे असून त्यांनी या जाहिरातीची लाज काढली. क्लीलंड हरले.

दोन वर्षांनी रिपब्लिकन अधिवेशनात काही प्रतिनिधी जांभळ्या हार्टचं चित्र असलेल्या पट्ट्या गालावर हनुवटीवर चिकटवून आले, व्हिएतनाममधे लढलेले डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांच्या जखमांची टिंगल म्हणून. केरींच्या पदकांवर फक्त चुकवणारेच नाही तर लढलेले काही जणही चिखल उडवत होते, म्हणजे लढलेला माणूस आपोआप सभ्य असतो असंही नाही.

अवघड केस हवी असेल तर नोव्हेंबर २००५. खासदार जॉन मर्था, मरीनमधे ३७ वर्षं, इराकमधून सैन्य परत आणा म्हणाले. दुसऱ्या खासदार जीन श्मिट यांनी हाऊसमधे, म्हणजे प्रतिनिधिगृहात, उभं राहून एका मरीन कर्नलचा निरोप म्हणून सांगितलं की पळ भित्रे काढतात, मरीन कधीच नाही. गदारोळ झाला, शब्द मागे घ्यावे लागले. श्मिट बाई आहेत, त्यांनी काही चुकवलं नव्हतं, तरी खटकलंच ना? म्हणजे दोष डेफरमेंटमधे नव्हताच, दोष दुसऱ्याच्या रक्ताच्या जिवावर निवाडा करण्यात आहे. माझ्या मते ही एक केस नीट समजली तर बाकी गाइड नाही वाचलं तरी चालेल.

समोर कोण बसलंय

हे कुणी बघतच नाही. गणवेशातला श्रोता उत्तर देऊ शकत नाही. अमेरिकन लष्करी कायद्याच्या कलम ८८ नुसार कमिशन्ड अधिकाऱ्याने राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री, संसद यांच्याबद्दल तुच्छतेचे शब्द वापरले तर कोर्ट मार्शल होऊ शकतं. म्हणून तिथली शांतता म्हणजे संमती नव्हे, आणि टाळ्या पण संमती नव्हे. ३० सप्टेंबर २०२५ ला क्वांटिकोच्या लष्करी तळावर शेकडो जनरल आणि अॅडमिरल बोलावले होते, ट्रम्प आल्या आल्या म्हणाले की इतक्या शांत खोलीत मी कधी शिरलो नाही, आणि मग चेष्टेत म्हणाले की आवडलं नाही तर उठून जा, फक्त हुद्दा आणि भविष्य पण जाईल. त्याच स्टेजवर ट्रम्प यांचे संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी जाड्या जनरलांपासून दाढीपर्यंत सगळ्यांना झापलं. पण लक्षात घ्या, हेगसेथ नॅशनल गार्डमधून इराक आणि अफगाणिस्तानला जाऊन आलेत. त्यांच्या भाषणावर टीका करा, खुशाल करा, पण "हा कधी गेला नाही" ही टीका तिथे चालत नाही. एक स्टेज, दोन वक्ते, दोन वेगळे हिशेब.

समोरासमोर उत्तर देता येतं तेव्हा मात्र मजा येते. जानेवारी २०१२ मधे न्यू हॅम्पशायरला रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभ्या असलेल्यांच्या डिबेटमधे गिंगरिच म्हणाले की आपण लग्न झालेले, मूल असलेले, त्यामुळे ड्राफ्टला पात्रच नव्हतो. रॉन पॉल लगेच: मला बोलावलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, दोन मुलं होती, आणि मी गेलो. संपलं.

नीट बोलता येतं, अशक्य नाही

लिंकन १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात काही आठवडे होते, लढाई बघितलीच नाही. १८४८ मधे संसदेत त्यांनी स्वतःचीच उडवली, की माझ्या रक्तरंजित लढाया झाल्या त्या डासांशी. निशाणा दुसऱ्या एका नेत्याच्या फुगवलेल्या पराक्रमावर होता, पण आधी स्वतःचा फुगा फोडला. आणि १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणात हाच माणूस म्हणतो की ही जमीन आम्ही पवित्र करू शकत नाही, इथे लढले त्यांनी ती आधीच केली आहे. सैनिकांना एकही उपदेश नाही, जे काम राहिलंय ते आपलं, जिवंत लोकांचं. कुठलंही भाषण ऐकताना "तुम्ही असं वागलं पाहिजे" किती वेळा आलं आणि "आम्ही तुमचं एवढं देणं लागतो" किती वेळा, हे मोजून बघा.

१९७३ नंतरचे नेते आले तर

यांना ड्राफ्टची पद्धत लावायची नाही हे वर आलंच. आता संसदेत माजी सैनिक पाचातला एकही धड नाही, सत्तरच्या दशकात बहुसंख्य असायचे. तेव्हा यांचं एकच बघा, मत कुठे दिलं. सिनेटच्या वेबसाइटवर रोल कॉल, म्हणजे कुणी काय मत दिलं त्याची नोंद, सगळ्यांना उघडा आहे.

सरावाला पॅक्ट कायदा घ्या, २०२२ चा, इराक-अफगाणिस्तानातल्या कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांच्या उपचारांसाठीचा. १६ जूनला सिनेटमधे ८४ विरुद्ध १४ ने पास. दुरुस्तीसाठी परत आला तेव्हा २७ जुलैला ५५ विरुद्ध ४२, म्हणजे लागणारी ६० मतं नाहीत, अडला. अडवणाऱ्यांचं म्हणणं होतं की पैशांच्या हिशेबात पळवाट आहे, तेही वाचा, एकदम शिव्या देऊ नका. माजी सैनिक संसदेच्या पायऱ्यांवर मुक्काम ठोकून बसले आणि २ ऑगस्टला ८६ विरुद्ध ११ ने पास झाला. नेत्याचं फक्त ऑगस्टचं मत बघून थांबू नका, जून आणि जुलैचं पण काढा, कारण बरेच जण जूनमधे हो, जुलैमधे नाही आणि ऑगस्टमधे परत हो आहेत, आणि प्रचाराच्या पत्रकात त्यातला एकच महिना छापलेला असतो.